चौसष्ट अक्षरं

लिएपायात वारा दाराशी थांबत नाही.
खालच्या मजल्यावरची स्काइद्रिते थांबते.
तीनदा टकटक, मध्ये एक मात्रा सोडून;
चाळीस वर्षं पियानो शिकवलाय तिनं.

“तुमचं ते लावलं मी, इल्मार्स.
छान आहे. पण बँकेतून फोन आला होता.”

तुमचं ते.
पालोद्झे नाव ठेवलं होतं मी. म्हणजे खिडकीची कड,
जिथं मांजर बसतं, कुंडी असते, चष्मा विसरतो.
पडद्याच्या तळाशी एक फळी, तिच्यावर चिन्हं बसलेली,
घड्याळ मधोमध, कोपरे गोल.
गोदीतल्या रात्रपाळ्यांत लिहिलं, दोन हिवाळे,
आणि देऊन टाकलं. घ्या, उघडा, बदला, वाटा,
माझं नाव तेवढं राहू द्या.
अट एवढीच, तीही शेवटच्या ओळीत.

जिन्यात मीच म्हणालो होतो तिला: शोधा, फुकट आहे.
तिनं शोधलं. सगळ्यात वर आलं ते घेतलं.
पालोद्झे प्लस.

तिच्या टेबलाशी बसलो.
रंग माझे. फळी माझी.
सावली तीन ठिपके खाली, तीही माझीच.
नावाच्या जागी पत्ता नसलेली एक कंपनी,
आणि माझ्या ओळींच्या आडोशाला
एक परकी फाइल:
ही बाई काय टंकते
ते दर नऊ मिनिटांनी कुठंतरी पोचवणारी.

राग आला. पण उशिरा.
आधी तारीख बदलून पाहिली, सतरा नोव्हेंबर.
बाराच्या जागी मेणबत्ती पेटली.
माझी झेल्मा जन्मली तो दिवस,
कुणालाही न सांगता घड्याळात ठेवलेला.
माझं नाव खरवडून काढलं त्यांनी,
मेणबत्ती राहिली.
वाचलंच नव्हतं. नुसतं उचललं.

आणि मी?
कोपरे गोल करणाऱ्या चाळीस ओळी
ब्रागाच्या कुणा फिर्मिनोच्या आहेत.
नाव ठेवलंय त्याचं, अटीप्रमाणे.
पण ओळी? चालल्या, म्हणून पुढं गेलो.
त्यांतही एखादी मेणबत्ती असेल.
किंवा दुसरं काही.

“चोरीच ना ही?” तिनं विचारलं.
घ्या तर मीच म्हणालो होतो, मी म्हणालो.
“माझ्या वहीतून मुलं चाल उतरवून न्यायची,” ती म्हणाली,
“न्यावीच. पण बेसूर वाजवून
ही बाईंचीच म्हणून सांगायची नाहीत.”
मग चहा ठेवायला उठली,
जसा काही खटल्याचा निकाल लागला होता.

सगळं पुसलं. पासवर्ड बदलले,
पेन्शनच्या खात्याचा आधी.
“आता खरं कोणतं, मला कसं कळणार?”

वर जाऊन माझ्या यंत्रावरून
चौसष्ट अक्षरं कागदावर उतरवून आणली, हातानं.
हा ठसा, म्हटलं. आत एक स्वल्पविराम हलला
तरी सगळा बदलतो.
तुम्ही पडद्यावरचा वाचा, मी कागदावर खुणा करतो.

“ए. चार. सी. सी. नऊ. एफ. शून्य. डी…”
अठराव्या अक्षरापाशी थांबली.
“अहो, हे सूर आहेत.”
नाहीत.
“ए पासून एफ पर्यंत. जी कुठंय?”
यात जी येत नाही.
“मग ही चाल घरी कशी येणार?”

मला उत्तर नव्हतं. पुढचं वाचा, म्हणालो.
ती वाचत राहिली. डावा हात टेबलावर वाजत होता,
आकडा आला की विसावा घेत.
खिडकीच्या कडेवर तिचा जुना चष्मा,
काचा आमच्याकडे वळलेल्या.

पंचेचाळिसाव्या अक्षरावर माझी खूण चुकली.
तिनं पहिल्यापासून घ्यायला लावलं.